बूट काढून चढायची बस

आमच्या कंपनीच्या लेडीज बसमध्ये चढताना बूट काढावे लागायचे. पाळीभर लाइनवर उभं राहून पाय भरून आलेले, त्यात ते पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज. पायरीशी पत्र्याचा एक खोका ठेवलेला असायचा. त्यात ते टाकायचे आणि नुसत्या मोज्यांवर आत जाऊन बसायचं. एखादी नवी मुलगी कुरकुरली की बस चालवणारी बाई मान वळवून तिच्या पायांकडे बघायची. बोलायची नाही, आणि गाडीही सुरू करायची नाही. मग मागच्याच ओरडायच्या, "काढ ग बाई, घरी जायचंय आम्हाला!"

मला वाटलं होतं, स्वच्छतेचं वेड असेल. पण तिच्या डॅशबोर्डवर धुळीचा थर असायचा आणि सीटखाली केळीची सालं. एकदा धीर करून विचारलं.

"बुटांवरनंच आमचं इंग्रजांशी बिनसलं," ती म्हणाली. "त्यांच्या दूताला दरबारात बूट घालून यायचं होतं. आम्ही नाही म्हटलं. पुढे राज्य गेलं. पण बूट काही आत आला नाही."

"आम्ही म्हणजे कोण, बाई?"

"ब्रह्मदेशचं राजघराणं."

हे तिने चाकण चौकात, पुढे एक कंटेनर आणि मागे दोन डंपर अडकलेले असताना, स्टिअरिंगवर हात ठेवून सांगितलं. मागच्या सीटवर कोणीतरी फिसकन हसलं. बाईच्या मागे सगळ्या तिला राणीसाहेब म्हणायच्या, तोंडावर 'बाई'. मावशी म्हटलेलं तिला चालत नसे. "मी कोणाची मावशी नाही," म्हणायची.

ती रत्नागिरीची. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, पाठीला बाक नाही. सलवारीवर पुरुषी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून, आणि अंबाड्यात रोज एक ताजं फूल. उन्हाळ्यात दोन्ही गालांवर चंदन उगाळून गोल गोल लावायची आणि तशीच गाडी चालवायची. "पणजी लावायची. तिकडे त्याचं निराळं झाड असतं, इथे मिळत नाही," एवढंच स्पष्टीकरण. गालांची हाडं वर आलेली, डोळे बारीक. काळेवाडीतले रिक्षावाले तिला हिंदीत विचारायचे, दीदी, नेपाळची का? कंपनीच्या गेटवरचा आसामी गार्ड तर तिला आपल्याच गावची समजून आपल्या भाषेत बोलायचा. ती त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि मराठीत सांगायची, "मी रत्नागिरीची. त्याच्या आधी मंडालेची. इंग्रजांनी इथली माणसं मंडालेला नेऊन डांबली आणि मंडालेच्या आम्हाला इथे आणून ठेवलं. अदलाबदल."

नवरा भोसरीला टेम्पो चालवायचा. त्याला अर्धांगवायू झाला तेव्हा टेम्पोचं स्टिअरिंग तिने हातात घेतलं. तो गेल्यावर टेम्पो विकून एका बस कॉन्ट्रॅक्टरकडे लागली. मुलगा आयटीत, सांगवीला फ्लॅट घेऊन राहत होता. आईने बस चालवलेली त्याला आवडत नव्हती आणि आईला सांगवी आवडत नव्हती.

स्वभावाने ती फार गोड होती असं नाही. सुटायच्या वेळेला एखादी मुलगी धावत येताना आरशात दिसत असली तरी "प्रस्थान" म्हणून गाडी काढायची. प्रस्थान हा तिचा शब्द. बाकी ड्रायव्हर 'चला' म्हणतात. बसमध्ये कोणी पुढच्या सीटला पाय लावलेले खपत नसत. "पाय खाली. माणसाकडे तळवा करून बसत नाहीत," असं ती समोरचा रस्ता बघत म्हणायची, आणि मागे कोणाचे पाय वर आहेत हे तिला कसं कळायचं देव जाणे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला बाळ झालं, पेढा पुढे केला की घ्यायची, पण तोंडभरून कौतुक नाही. "बरं झालं," बस्स.

चाकणचा ट्रॅफिक जाम नसता तर मला ब्रह्मदेशचा इतिहास कळला नसता. मी तिच्या मागच्याच सीटवर बसायचे. गाड्या हलेनाशा झाल्या की ती बोलू लागायची, आणि पुढची गाडी हलली की वाक्य अर्धवट सोडून गिअर टाकायची. पुढचं वाक्य मोशीला, नाहीतर दुसऱ्या दिवशी. तिची पणजी राजाची मुलगी नव्हे, राजघराण्याच्या एका शाखेतली. राजाबरोबर जी माणसं रत्नागिरीला आली त्यात पणजीची आई होती, आणि पणजी इथेच जन्मली. ब्रह्मदेश तिने डोळ्यांनी पाहिला नाही. पण नोकर तिच्यापुढे गुडघ्यांवर यायचे. कान टोचले तेव्हा मोठा समारंभ झाला, एवढाली भोकं पाडून त्यात माणकं बसवली. मग एकेक माणिक बाजारात गेलं. टेकडीवरच्या लाल राजवाड्यात माणसं नुसती बसून असायची, समुद्राकडे बघत. राज्य नाही, काम नाही, मुलींना नवरे नाहीत, कारण त्यांच्या बरोबरीचं घराणं कोकणात कुठून मिळणार?

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रोज संध्याकाळी घोडागाडीतून फिरायला न्यायचे मुलींना. गाडी कोणीतरी चालवायलाच हवी ना."

असं म्हणून तिने गिअर टाकला. गाडीवान कुणबी होता, राजवाड्याखालच्याच वाडीतला, हे मला चार दिवसांनी कळलं.

या गोष्टी मी ऐकत होते त्याच दिवसांत माझं स्वतःचं चाललं होतं. मी जिंतूरकडची. डिप्लोमा करून चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या कंपनीत लागले, काळेवाडीत दोन मुलींबरोबर खोली घेतली. कंपनीतच मेंटेनन्सला एक मुलगा होता, देहूरोडचा, बौद्ध. शांत माणूस. बिघडलेल्या मशीनसमोर बसला की आधी हात पुसायचा, मग हात लावायचा. त्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं आणि गावी फोनवर सांगून टाकलं. लपवून करायचं नव्हतं. आईने ऐकलं आणि दादाला हाक मारली. मग दादाने फोन घेतला.

"तिकडंच ऱ्हा. मी यतो न्यायला."

माझ्या डिप्लोमासाठी दादाने स्वतःचं शिक्षण सोडलं होतं. मला सायकल त्यानेच शिकवली, मागून धावत. म्हणून त्याच्या आवाजातला तो थंडपणा मला मारापेक्षा जास्त लागला. दुसऱ्याच दिवशी खोलीवर येऊन कोणीतरी माझी चौकशी करून गेलं. पुढे एक मोटारसायकल दिसायला लागली. काळेवाडी फाट्यावर, मोशीला, कधी कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. मी मैत्रिणींना काही बोलले नाही. वाटायचं, बोललं की खरं होईल.

बाईला बोलावं लागलं नाही. एके दिवशी गाडी मोशीच्या पुढे अडकली असताना ती आरशातून म्हणाली, "पुढे ये."

मी इंजिनाच्या बॉनेटजवळ जाऊन उभी राहिले.

"मागे ती काळी मोटारसायकल. तुझ्यासाठी आहे ना?"

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं. देहूरोडचं नाव निघाल्यावर तिचा चेहरा जरा बदलला.

"देहूरोडच्या विहारात रंगूनहून आलेली मूर्ती आहे. माहीत आहे?"

"हो. दाखवलीये त्यांनी मला."

"आमच्या माहेरची," ती म्हणाली, जणू मूर्ती तिनेच हुंड्यात आणली होती. मग लगेच आवाज कोरडा झाला. "पण ऐक. माझ्या गाडीत चाळीस मुली असतात. घरचं भांडण माझ्या गाडीत आणायचं नाही."

मला इतका राग आला की रडूच आलं. मला वाटलं होतं, हिला तरी कळेल. मी म्हटलं, "बाई, तुमच्या पणजीने पण—"

"माझी पणजी मूर्ख होती," ती म्हणाली. मागच्या दोघी-तिघींनी माना वर केल्या. "प्रेमाबिमाचं मला सांगू नकोस गो. तो गाडीवान बरा होता, पण पुढे प्यायला लागला. जिच्यापुढे माणसं गुडघ्यांवर यायची ती दुसऱ्यांच्या विहिरीवर पाणी शेंदत बसली. मी लहानपणी पाह्यलंय तिला. कानांची भोकं लोंबून अशी झालेली, त्यात त्याने कधीकाळी करून दिलेल्या फणसाच्या लाकडाच्या खुंट्या. झोपेत ब्रह्मी बोलायची आणि घरात एकालाही ते कळायचं नाही. मूर्खच. दुसरं काय?"

पुढचा ट्रक हलला. तिने गाडी पाच-दहा हात पुढे घेतली आणि परत थांबवली.

"राजा वारल्यावर सगळी मायदेशी निघाली. बोट ठरली. तेव्हा राजवाड्यावरची माणसं आली तिच्या झोपडीवर. पोर आणि नवरा टाक, चल, सगळं माफ. तिने दार आतून लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. हलली नाही. रडली नाही. बोट गेली तेव्हा तोफ उडाली म्हणतात, तरी हलली नाही. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात. मूर्खपणा होता, पण तिचा होता. दुसऱ्याने दार उघडून तिला शहाणं करायचं कारण नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा, बस जागेवर. उद्यापासून खिडकीत बसू नकोस."

त्यानंतर तिने रस्ता बदलला. सुटल्यावर हायवेने न जाता निघोज्याहून मोईच्या आतल्या रस्त्याने गाडी काढू लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, हायवेला जाम आहे. हायवेला जाम असायचाच, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. मला आला. पण तिला विचारायची हिंमत नव्हती.

तो दिवस साधाच होता. पहिली पाळी सुटली होती, उन्हं अजून कडक होती. दोन्हीकडे ऊस आणि मधेच एखादी गोदामाची भिंत. एका वळणावर समोरून जीप आली आणि रस्त्यात आडवी झाली. बाईने ब्रेक दाबला, आम्ही सगळ्या पुढे फेकल्या गेलो. मागे मोटारसायकल येऊन थांबली. जीपमधून दादा उतरला, त्याच्या मागे चुलते, आणि ओळखीची नसलेली आणखी दोन माणसं. चुलत्यांच्या हातात जॅकचा दांडा होता.

बाईने आधी आपल्या बाजूच्या दाराचं लॉक दाबलं. मग मुलींच्या दाराकडे बघून म्हणाली, "कडी."

दाराशी सुषमा बसायची, दोन लेकरांची आई, आमच्याच लाइनवरची. तिने कडी लावली.

दादा माझ्या सीटच्या खिडकीखाली आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. किती दिवस झोपला नसेल कोण जाणे.

"खाली उतर. गुमान चल. कुणी काई करनार न्हाई तुला."

खिडकीशी बसलेली मुलगी मागे सरली आणि मी वाकून काच बंद केली. त्याने खिशातून फोन काढला, कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेला टेकवला. त्यात आई होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळ्यांतून पाणी. मागे आमच्या घराची निळी भिंत. काच बंद असल्यामुळे आवाज येत नव्हता, इंजिनही चालू होतं. आईचं नुसतं तोंड हलत होतं. ती काय म्हणत होती ते मला आजही माहीत नाही. मी काचेवर हात ठेवला, तिच्या चेहऱ्यावर, आणि माझा दुसरा हात आपोआप खिडकीच्या खटक्याकडे गेला.

"थांब," बाई म्हणाली. पहिल्यांदाच ती पूर्ण वळून माझ्याकडे बघत होती. "नीट विचार करून सांग. तुला जायचं असेल तर मी स्वतः दार उघडते. कोणी तुला काही म्हणणार नाही. जायचंय?"

सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. नाही.

"मोठ्याने."

"नाही," मी म्हटलं. "नाही जायचं."

"मग झालं," ती म्हणाली आणि समोर वळली.

दादाने ते काचेतून पाहिलं. माझ्या ओठांवरून त्याला कळलं असणार. त्याने फोन खाली घेतला. चुलते पुढे आले आणि त्यांनी बाईच्या बाजूच्या काचेवर दांडा घातला. काच फुटली, तुकडे बाईच्या अंगावर आले. मुली किंचाळल्या. कोणी सीटखाली शिरली, कोणी नवऱ्याला फोन लावत होती. सुषमा उठली आणि तिने कडीवर हात ठेवला.

"जाऊ दे हिला बाई!" ती ओरडत होती. "हिच्यापायी आमी का मरायचं? माजी लेकरं शेजारणीकडं हायेत! जा की ग तू, तुजीच मानसं हायेत ना ती?"

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर कदाचित तेच ओरडले असते.

बाईच्या उजव्या गालावरून रक्त ओघळत होतं, चंदनाच्या गोलावरून. तिने मागे बघितलं नाही.

"सुषमा, हात काढ. आज हिच्यासाठी उघडलं तर उद्या तुझ्यासाठीही उघडावं लागेल."

ती एवढंच म्हणाली, आवाज न चढवता. सुषमा कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग रडत खाली बसली. कडीवरचा हात तिने काढला.

तोवर दादा ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढला होता. फुटलेल्या काचेतून हात घालून तो आतलं लॉक चाचपत होता. त्याचा चेहरा आणि बाईचा चेहरा यांत वीतभर अंतर नसेल. बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि एरवी नव्या मुलीला जे नुसतं बघून सांगायची ते आज शांतपणे तोंडाने म्हणाली, "बूट काढ."

दादाचा हात थांबला. तो खरंच खाली, स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. माणूस किती का संतापलेला असेना, कोणी एवढ्या शांतपणे काही सांगितलं की क्षणभर त्याचं अंग ऐकतं. त्या क्षणात बाईने गिअर टाकला.

गाडी जोरात गेली नाही. माणूस चालतो त्या वेगाने पुढे सरकली आणि तिचा बंपर जीपच्या कुशीला टेकला. पत्रा कुरकुरला. जीपमध्ये बसलेला ड्रायव्हर ओरडायला लागला. बाई थांबली नाही. दादा पायरीवरून उडी मारून बाजूला झाला. चुलते बसच्या पुढच्या पत्र्यावर दांडा मारत मागे मागे सरत होते. शेवटी जीपवाल्यानेच घाबरून गाडी रिव्हर्स घेतली आणि ती उसाच्या पाटात तिरकी झाली. रस्ता मोकळा झाला. आरशात मला दादा दिसला. तो धावत होता, बसच्या मागे, हात पुढे करून. सायकलमागे धावायचा तसाच. मग धुळीत दिसेनासा झाला.

बाईने गाडी थेट पोलीस चौकीसमोर नेऊन उभी केली. मुली भराभरा उतरल्या, कोणी पायऱ्यांवर बसून रडत होती, कोणी उलट्या करत होती. बाई मात्र उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसून राहिली. हवालदार बाहेर आले, म्हणाले, "बाई, खाली या. आत चला, जबाब द्यायचाय."

"मी उतरणार नाही. तुम्ही वर या."

"अहो, रक्त येतंय तुम्हाला. पाणी घ्या, बसा जरा."

"बसलेलीच आहे मी. लिहून घ्या."

पुढे कंपनीत ही गोष्ट इतकी फिरली की ओळखू येईना. राणीसाहेबांनी हवालदाराला बूट काढायला लावले, असं सांगायचे. तसं झालं नाही. हवालदार बूट घालूनच पायरीवर उभे राहिले आणि तुटलेल्या खिडकीतून त्यांनी जबाब घेतला. मधेच म्हणाले, घरचं प्रकरण आहे, माणसं तुमचीच आहेत, बसून मिटवून टाका. बाई म्हणाली, "गाडी माझ्या ताब्यात आहे. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मुली माझ्या. गाडीवर हल्ला झालाय. घराचं तुम्ही काय ते बघा, आधी गाडीचं लिहा." आणि त्यांनी लिहिलं. राजघराण्याचं रक्त आहे, सगळ्या म्हणाल्या. एवढं होऊन बाई सिंहासनावरून हलली नाही. त्या दिवसापासून राणीसाहेब म्हणताना कोणी हसलं नाही.

पोलिसांनी बोलावल्यावर दादा आणि चुलते संध्याकाळच्या आत चौकीत आले. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने राहते, असं मी लिहून दिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मेली तू आमाला." त्याचा आवाज फुटला होता.

पुढे आमचं लग्न झालं, नोंदणी पद्धतीने, आणि नंतर देहूरोडच्या विहारात. बाई आली नाही. निरोप पाठवला, "बरं झालं." कॉन्ट्रॅक्टरने तिला गाडीवरून काढलं होतं. काच, बंपर, वर जीपवाल्याची तक्रार. "गाडी चालवायला दिली होती, लढाईला नाही," असं म्हणाला म्हणे. मी त्याच्याकडे बोलायला गेले होते, नवराही गेला होता. त्याने ऐकलं नाही. नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी पत्र्याचा खोका काढून टाकला. मुली बूट घालून चढायला लागल्या, आणि पहिले काही दिवस पायरीशी आल्या की थबकायच्या.

आई आता फोन करते, दादा घरी नसताना. त्या दिवशी काय म्हणत होतीस, असं मी तिला अजून विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी मी मुलीला घेऊन बाईला भेटायला सांगवीला गेले. गुडघे गेल्यामुळे मुलाने तिला शेवटी आपल्याकडे नेलं होतं. नदीकडच्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, पाठ तशीच ताठ, अंबाड्यात फूल. गालावर बारीकशी पांढरी रेघ. सूनबाईंनी चहा ठेवला आणि आत गेल्या. माझी मुलगी पाच वर्षांची, तिला बसची गोष्ट पाठ होती. ती बाईच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "आजी, तुम्ही पोलिसांसमोर पण खाली उतरला नाहीत ना? राणी उतरत नाही म्हणून?"

बाई हसली नाही. तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग मला म्हणाली, "असं सांगतेस तू हिला?"

"सगळेच सांगतात, बाई."

"मला उतरता येत नव्हतं गो," ती म्हणाली. "सलवार ओली झाली होती. सीट पण. त्याने काच फोडली ना, तेव्हाच. हवालदार म्हणत होता खाली या, आणि मी मनात म्हणत होते, देवा, ह्या सगळ्या पोरी उभ्यात बाहेर, आता कशी उतरू? सगळ्या गेल्यावर, अंधार पडल्यावर उतरले."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"एवढी लाज वाटली होती मला," बाई म्हणाली. "वाटलं, पणजी कशी दाराला पाठ लावून उभी राहिली, हलली नाही, रडली नाही, आणि मी ही अशी. कितीतरी दिवस वाटत होतं. आता इथे बसून बसून कळतं. घाबरली असणार ती. बाहेर तिची सगळी माणसं, आत कुशीत पोर. घाबरलीच असणार. पण आमच्या घरात ते कोणी सांगितलंच नाही. तेवढं वगळलं."

तिने माझ्या मुलीला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरचे केस मागे केले, आणि माझ्याकडे बघितलं.

"हिला सांगशील तेव्हा पुरं सांग."

"पुरं म्हणजे?"

"पुरं म्हणजे पुरं," ती म्हणाली. "सीटसकट."